अमेरिकेत फेडरल एजंट व्हायचंय, पण कॉलेजात मार्क घसरले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं आणि त्यांच्याहून जास्त काळजीत पडलेले त्यांचे आईवडील यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं फक्त अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांबद्दल आहेत; भारतातल्या सीबीआयचे किंवा केंद्रीय पोलीस दलांचे नियम वेगळे. इथलं उत्तर आणि यूएसएजॉब्स या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवरची जाहिरात यांत फरक दिसला, तर जाहिरात खरी माना.

१. फेडरल लॉ एन्फोर्समेंट म्हणजे एफबीआयच ना?

नाही. एफबीआयचं नाव मोठं, म्हणून तीच आधी आठवते. न्याय खात्यातच डीईए (अमली पदार्थविरोधी), एटीएफ (शस्त्रं आणि स्फोटकं) आणि यूएस मार्शल्स (फरारी आरोपी पकडणारे) आहेत. होमलँड सिक्युरिटीत सीक्रेट सर्व्हिस, बॉर्डर पेट्रोल आणि विमानतळावर आपली बॅग उघडायला लावणारे कस्टम्सचे अधिकारी. ट्रेझरीत (अर्थ खात्यात) आयआरएसची, म्हणजे आयकरवाल्यांची, गुन्हे तपास शाखा, परराष्ट्र खात्यात डिप्लोमॅटिक सिक्युरिटी, पोस्टाचे स्वतःचे इन्स्पेक्टर. शिवाय मोठ्या खात्यांमध्ये आतल्या गैरव्यवहारांवर नजर ठेवणारी इन्स्पेक्टर जनरलची ऑफिसं असतात. तिथलेही तपास अधिकारी पिस्तूल आणि बिल्ला बाळगतात, अटक करतात. ही ऑफिसं कुणाला माहीत नसतात, म्हणून त्यांच्या जाहिराती मुद्दाम बघा. सरकारी भाषेत तपास अधिकाऱ्याच्या पदाचा क्रमांक १८११. यूएसएजॉब्सवर तोच टाकून शोधा.

२. एका विषयात डी आलाय. अर्ज करण्यात काही अर्थ आहे का?

आहे. ट्रान्स्क्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) मागतात ती पदवी खरी आहे का, लागणारे क्रेडिट आहेत का आणि काही जागांसाठी जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) किती आहे, हे बघायला. एकेका ग्रेडवर बोट ठेवून कुणी बसत नाही.

जरा हिशोब करा. पदवी १२० क्रेडिटची, विषय ३ क्रेडिटचा. बी मिळाला असता तर ९ गुण, डी मिळाला म्हणून ३. गेले ६ गुण. ६ भागिले १२० म्हणजे ०.०५. ज्याचा जीपीए ३.३० व्हायचा त्याचा ३.२५ होईल, आणि त्याने काहीच बिघडत नाही. ज्याचा ३.० च्या काठावर आहे त्याला मात्र हेच ०.०५ महागात पडू शकतं. ते का, हे पुढच्या दोन प्रश्नांत. तो डी कॉपी पकडली गेली म्हणून मिळाला असेल तर गोष्ट वेगळी. प्रश्न ११ बघा.

३. सगळे ३.० चं एवढं काय घेऊन बसलेत?

कारण तिथे पगाराची श्रेणी बदलते. नुसत्या पदवीवर माणूस जीएस-५ श्रेणीसाठी पात्र ठरतो. पदवीबरोबर ‘सुपीरियर अकॅडेमिक अचीव्हमेंट’ असेल तर थेट जीएस-७. लॉ एन्फोर्समेंटच्या जागांना खालच्या श्रेण्यांत थोडा जास्त पगार असतो, म्हणून जाहिरातीत जीएसऐवजी जीएल दिसेल, आकडे तेच.

ही ‘अचीव्हमेंट’ चारपैकी कुठल्याही एका मार्गाने मिळते: एकूण जीपीए ३.०, किंवा मुख्य विषयात ३.५, किंवा वर्गाच्या वरच्या एक तृतीयांशात नंबर, किंवा मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं (गुणवंत विद्यार्थ्यांच्या संघटनेचं) सभासदत्व. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीच्या ऑनर सोसायट्या चालत नाहीत. एकूण जीपीए कमी आणि मुख्य विषयात उत्तम, अशी मुलं पुष्कळ असतात, आणि दुसरा मार्ग आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तपास अधिकाऱ्याच्या श्रेण्या साधारण ५, ७, ९, ११, १२, १३ अशा चढतात, दर पायरीला किमान एक वर्ष. म्हणजे ५ वरून सुरुवात केली तर नुकसान एका वर्षाचं. गाडी अडते ती जी एजन्सी ७ च्या खाली जागाच काढत नाही तिथे. तिथे २.८ वाला नुसत्या पदवीवर अपात्र. त्याने प्रश्न ५, ७ आणि ८ वाचावेत.

४. माझा जीपीए २.९५ आहे. ३.० धरतील का?

धरतील. नियमाप्रमाणे जीपीए एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित करतात, म्हणून २.९५ चे ३.० होतात. २.९४ चे मात्र २.९. मुख्य विषयातही तसंच, ३.४५ चे ३.५. १२० क्रेडिटमध्ये ३५४ गुण असले की २.९५ भरतात, ३५३ असले की २.९४. एका गुणाने राहिलेल्याने हात चोळत बसू नये, पुढचा प्रश्न वाचावा.

अर्जात मात्र ट्रान्स्क्रिप्टवर आहे तोच आकडा लिहायचा. पूर्णांकित करणं त्यांचं काम.

५. पहिली दोन वर्षं प्री-मेडमध्ये वाया गेली, मग विषय बदलला आणि मार्क सुधारले. एकूण जीपीए २.७५ आहे.

मराठी घरांतून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. डॉक्टर व्हायचं स्वप्न आईबाबांचं, ऑर्गॅनिक केमिस्ट्री मात्र मुलाच्या वाट्याला.

नियम अशा मुलांच्या बाजूचा आहे. ३.० ही अट चारही वर्षांवर किंवा फक्त शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर मोजता येते. समजा, पहिल्या ६० क्रेडिटना २.३ आणि नंतरच्या ६० ना ३.२. एकूण भरतात २.७५, पण शेवटच्या दोन वर्षांचे ३.२ आहेत, म्हणजे तुम्ही जीएस-७ ला पात्र. मुख्य विषयातल्या ३.५ चंही तसंच, तेही शेवटच्या दोन वर्षांवर मोजता येतात.

हा हिशोब तुम्ही स्वतः करायचा. ट्रान्स्क्रिप्टवर छापलेला आकडा २.७५ च असणार, आणि शेकडो अर्ज चाळणारा माणूस तुमच्यासाठी कॅल्क्युलेटर काढेल याची खात्री नाही. प्रश्नावलीत कुठल्या आधारावर पात्रता सांगताय ते योग्य ठिकाणी निवडा, आणि रेझ्युमेत एक ओळ घाला: शेवटची ६० क्रेडिट, जीपीए ३.२.

६. कोविडच्या सेमिस्टरला सगळे विषय पास-फेल घेतले होते. त्याचं काय?

एकूण अभ्यासक्रमाच्या १० टक्क्यांहून जास्त भाग पास-फेल असेल तर जीपीएच्या आधारावर दावा करता येत नाही. १२० क्रेडिटमध्ये ही मर्यादा १२ वर येते, म्हणजे एक अख्खं सेमिस्टर ती ओलांडू शकतं. पास-फेल घेतलेले विषय फक्त पहिल्या वर्षाचे असतील तर अडचण नाही. नसतील तर वर्गातला नंबर किंवा ऑनर सोसायटी, हे मार्ग उरतात. नंबराचं पत्र रजिस्ट्रारकडून मागवा.

७. विषय पुन्हा घेऊ की सरळ मास्टर्स करू?

अजून शिकताय आणि तुमचं कॉलेज जुन्या ग्रेडच्या जागी नवी ग्रेड धरत असेल, तर काठावरच्यांनी विषय पुन्हा घ्यायला हरकत नाही. काही कॉलेजं दोन्ही ग्रेड मोजतात. तिथे फायदा निम्मा होतो. पदवी हातात पडल्यावर सुटे कोर्स करून जुना जीपीए वर चढवायच्या भरीस पडू नका.

मास्टर्सचं गणित सोपं. पदवीनंतरचं एक पूर्ण वर्षाचं शिक्षण झालं की जीएस-७, मास्टर्सची डिग्री झाली की जीएस-९, आणि मग बीएचा जीपीए कुणी विचारत नाही. एक वर्ष म्हणजे किती क्रेडिट हे तुमचं विद्यापीठ ठरवतं. ते सांगत नसेल तर १८ धरतात. पण फक्त एक जुना डी पुसायला चाळीस हजार डॉलरचं कर्ज काढू नका. पुढच्या प्रश्नातला मार्ग फुकट आहे, उलट पगार मिळतो.

८. मार्क कमी, पण कामाचा अनुभव आहे. चालतो का?

चालतो, आणि बहुतेक ठिकाणी मार्कांपेक्षा जास्त चालतो. जीएस-७ साठी एक वर्षाचा संबंधित अनुभव पुरतो, तो जीएस-५ च्या तोडीच्या कामाचा असला की झालं. गावच्या पोलिसात किंवा शेरीफकडे नोकरी, प्रोबेशन ऑफिसरचं काम, बँकेत संशयास्पद व्यवहार तपासण्याचं काम, हे सगळं मांडता येतं.

बॉर्डर पेट्रोलला पदवीची अट नाही. सीक्रेट सर्व्हिसच्या गणवेशधारी विभागाला हायस्कूल पुरतं. आत शिरून दोन-तीन वर्षांनी तपास अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज करणारे खूप आहेत.

‘अनुभव’ लिहिताना मात्र आपली मुलं फार संकोच करतात. ‘बँकेत काम केलं’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. महिन्याला किती प्रकरणं तपासली, कसली, रिपोर्ट कुणी लिहिला, पुढे काय झालं, आठवड्याचे तास किती आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहा. तास लिहिले नाहीत म्हणून अनुभव मोजलाच नाही, असं सर्रास होतं.

९. आणि एफबीआयचं काय?

एफबीआयचा स्पेशल एजंट थेट जीएस-१० ला लागतो, त्यामुळे प्रश्न ३ मधली ५ की ७ ही भानगड तिथे नाही. पदवी हवी, आणि तिच्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ व्यावसायिक अनुभव. वरची पदवी असेल तर एक वर्ष. म्हणजे कॉलेजातून निघाल्या निघाल्या तिथे घेतच नाहीत, आणि तुम्ही अर्ज कराल तोवर कॉलेजनंतर काय केलंत हेच जास्त बोलतं. त्यानंतर लेखी चाचण्या, मुलाखत, शारीरिक चाचणी, पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी), पार्श्वभूमी तपासणी आणि मग क्वांटिकोच्या एफबीआय अकादमीतलं प्रशिक्षण.

३.० अडवतं ते कॉलेजात असताना करायच्या ऑनर्स इंटर्नशिपला. ती हुकली तर एजंट होण्याची संधी हुकली, असा अर्थ काढू नका.

१०. क्रिमिनल जस्टिसच घ्यायला हवं का?

नाही. आयआरएसच्या तपास शाखेला १५ क्रेडिट अकाउंटिंग आणि ९ क्रेडिट फायनान्स, अर्थशास्त्र, करकायदा अशा विषयांत लागतात. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन याला १९३१ साली शिक्षा झाली ती करचुकवेगिरीत, हे तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात. अकाउंटिंगमध्ये बी मायनस घेऊन बसलेल्या मुलाला तिथे क्रिमिनल जस्टिसच्या ए पेक्षा जास्त वाव आहे.

११. माझी एक एफ ग्रेड कॉपीच्या प्रकरणातली आहे. सांगावं की गप्प बसावं?

सांगावं. इथे मुद्दा मार्कांचा राहतच नाही, सचोटीचा होतो, आणि एजंटला उद्या कोर्टात शपथेवर साक्ष द्यायची असते. तुम्ही सहीनिशी संमती दिलेली असते, त्यामुळे तपासनीस कॉलेजकडून रेकॉर्ड मागवू शकतात, प्राध्यापकांना आणि रूममेटला भेटू शकतात. त्यांना ते आधी कळलं आणि तुमच्याकडून नंतर, तर सारवासारव करायला जागा उरत नाही. अठराव्या वर्षी केलेली एक चूक, मिळालेली शिक्षा आणि त्यानंतरची स्वच्छ वर्षं, हे समजून घेतलं जाऊ शकतं. सरकारी अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा मात्र फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. जीपीए २.८७ असताना रेझ्युमेवर ३.० लिहिणारेही याच कलमाच्या वाटेवर असतात.

१२. मुलाखतीत खराब सेमिस्टरबद्दल विचारलं तर?

चार वाक्यांत उत्तर द्या. उदाहरणार्थ: ‘दुसऱ्या वर्षी मी आठवड्याला तीस तास काम करत होतो. केमिस्ट्रीत डी आला. पुढच्या सेमिस्टरला तास निम्म्यावर आणले आणि ट्यूटर लावला. त्यानंतर बी च्या खाली गेलो नाही.’ मग थांबा. प्राध्यापक कसे वाईट होते हे सांगायला लागलात की ऐकणाऱ्याच्या मनात वेगळीच नोंद होते.

१३. भारतातली पदवी आहे, त्यात एटीकेटी लागली होती.

एटीकेटीची चिंता करू नका. चिंता करा पदवी किती वर्षांची धरतात याची. परदेशी पदवीचं मूल्यमापन अमेरिकेतल्या एखाद्या मान्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीकॉम काही संस्था पूर्ण अमेरिकन पदवीच्या बरोबरीचं मानतात, काही तीन वर्षांचं शिक्षण एवढंच. चार वर्षांच्या बीईला सहसा अडचण येत नाही. मूल्यमापन कोर्सनिहाय मागवा. नुसत्या एका ओळीच्या पत्रात जीपीए नसतो.

१४. ग्रीन कार्डवर अर्ज करता येतो का? आणि एच-४ वर?

ग्रीन कार्डवरही नाही आणि एच-४ वरही (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) नाही, नागरिकत्व लागतं. पण आधी तुम्ही नागरिक आहात का ते तपासा. मूल अठराच्या आत असताना ग्रीन कार्डवर इथे आईवडिलांजवळ राहत होतं आणि तेव्हाच आई किंवा वडील नागरिक झाले, तर २००० च्या कायद्याने मूलही आपोआप नागरिक झालेलं असू शकतं. घरात हे कुणाला ठाऊकच नसतं. ग्रीन कार्ड असेल तर अमेरिकी सैन्यात भरती होता येतं, आणि तिथून नागरिकत्वाची वाट जवळ पडते.

१५. सिलेक्टिव्ह सर्व्हिसला नाव नोंदवायचं राहून गेलं, आता वय २७ आहे.

सिलेक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे गरज पडली तर सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ठेवलेली सरकारी यादी. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांना ही नोंदणी सक्तीची, ग्रीन कार्डवाल्यांनाही. न केलेल्यांना फेडरल नोकरी नाकारता येते आणि सव्विसाव्या वाढदिवसानंतर नोंदणी बंद होते. पण त्या सगळ्या वर्षांत तुम्ही एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर नोंदणी लागतच नव्हती. त्या काळातले व्हिसाचे कागद जपून ठेवा. ग्रीन कार्ड असूनही राहून गेली असेल, तर ते अजाणतेपणी झालं हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्थितीचं पत्र मागवून तिथून सुरुवात करा.

१६. पुण्यात फ्लॅट आहे, ओसीआय कार्ड आहे, सगळे नातेवाईक तिकडे. नाकारतील का?

तेवढ्यावरून नाही. पण एसएफ-८६ नावाच्या लांबलचक फॉर्मात हे सगळं विचारतात: परदेशातले नातलग, मागच्या सात वर्षांतला प्रवास, मालमत्ता, खाती.

इथे आपल्या लोकांची गोची वेगळीच. आजोबा गेल्यावर काकांनी वारसनोंद करून सातबाऱ्यावर तुमचंही नाव चढवलेलं असतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. बाबांनी एनआरई खात्यात जोडीला तुमचं नाव घातलेलं असतं. फॉर्म भरण्याआधी गावाकडे एक फोन करा आणि विचारा: कशाकशावर माझं नाव आहे? परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली असेल तर त्याची माहिती दरवर्षी ट्रेझरीला द्यावी लागते. ती दिली नसेल तर अर्जाआधी करसल्लागाराला गाठा.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे; भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तरी कार्ड आहे हे सांगा. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात तसाच पडला असेल तर तो रीतसर परत करून प्रमाणपत्र घ्या.

१७. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर आहे. कॉलेजात गांजाच्या गमी (चघळायच्या गोळ्या) खाल्ल्या, त्याचं काय?

राज्यात कायदेशीर, फेडरल कायद्यात नाही, आणि तुम्ही अर्ज फेडरल सरकारकडे करताय. एफबीआयचा नियम असा की अर्जाच्या आधीच्या एका वर्षात गांजा घेतलेला नसावा; बाकी एजन्सींच्या मुदती निराळ्या. एक डी ग्रेड ज्यांना झोपू देत नाही, ती मुलं गमीचं मात्र हसून सांगतात. खरं तर हिशोब उलटा आहे. पॉलिग्राफवर ‘एकदाच’ म्हणायचं आणि मित्रांनी तपासनीसाला ‘दर शनिवारी’ सांगायचं, असं व्हायला नको.

१८. स्टुडंट लोनचे हप्ते थकलेत.

नुसतं कर्ज असणं चालतं. सरकारी हमीचं कर्ज डिफॉल्टमध्ये गेलं तर एफबीआय सरळ अपात्र ठरवते. सर्व्हिसरशी (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीशी) आज बोला.

१९. मुलगी हुशार आहे, मग पोलिसात कशाला? (एका आईचा प्रश्न, पण एकट्या त्यांचा नव्हे.)

बहुतेक तपास अधिकारी काही वर्षांत जीएस-१३ पर्यंत पोचतात, त्यावर अनियमित वेळेच्या कामाचे २५ टक्के वेगळे. वीस वर्षं सेवा झाली की पन्नाशीत पेन्शनसह निवृत्त होता येतं. बदल्या होतात, रात्री-अपरात्री फोन येतात, हेही खरं. भीती वाटणं साहजिक आहे, पण तिच्यासमोर ती मार्कांच्या नावाखाली मांडू नका.

२०. वय ३५ आहे. उशीर झाला का?

अजून नाही. बहुतेक तपास पदांवर ३७ व्या वाढदिवसाआधी नेमणूक व्हावी लागते, कारण ५७ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती असते आणि त्याआधी वीस वर्षं भरायची असतात. बॉर्डर पेट्रोलला मर्यादा ४० ची. माजी सैनिकांना प्राधान्याच्या नियमाने सवलत मिळू शकते, आणि आधी अशाच फेडरल पदावर केलेली सेवाही वयातून वजा होते. आयसीई या स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या एजन्सीसाठी होमलँड सिक्युरिटीने २०२५ मध्ये वयाची वरची अट उठवली. साध्या शहर पोलिसातल्या नोकरीची मात्र वजाबाकी होत नाही. ती अनुभव म्हणून मोजतात, वयासाठी नाही.

सहसा बघतात ते नेमणुकीच्या दिवशीचं वय, आणि अर्जापासून नेमणुकीपर्यंत वर्षभर सहज जातं. म्हणून पस्तिशीतल्या माणसाने जीपीए सुधारण्यात एकही सेमिस्टर घालवू नये. ट्रान्स्क्रिप्ट आहे तशी जोडावी आणि याच आठवड्यात तीन-चार एजन्सींकडे अर्ज टाकावेत.